आवाज जुळला म्हणून सोयरीक होत नाही

'कुडी' हा शब्द घ्या. मराठीत कुडी म्हणजे देह. कुडीतून प्राण गेला, असं आपण म्हणतो. उदगीर-देवणीकडच्या कानडी घरात 'नीरु कुडि' म्हणजे 'पाणी पी'. देगलूर-धर्माबादच्या तेलुगूत 'कुडि' म्हणजे उजवा. रिक्षावाल्याला उजवीकडं वळवायचं तर 'कुडि वैपु' म्हणायचं. आणि सचखंड एक्स्प्रेसनं अमृतसरहून नांदेडच्या गुरुद्वाऱ्याला आलेल्या बाईच्या तोंडी कुडी म्हणजे मुलगी. 'ड' तेवढा पंजाबी धाटणीनं लोळवलेला. नांदेड आणि लातूर या दोनच जिल्ह्यांत, एका दिवसाच्या एसटी प्रवासात, दोन अक्षरांना चार अर्थ भेटतात.

गंमत इथंच थांबवता आली असती. पण आपल्याकडं अशी गंमत कुणी थांबू देत नाही. चार ठिकाणी एक उच्चार सापडला की पाचवा माणूस उठतो आणि हे चारही शब्द एकाच मूळ शब्दाची लेकरं असल्याचं सांगतो. मग ते मूळ संस्कृत की तमिळ की मराठी, एवढाच वाद उरतो. पु. ना. ओकांनी ख्रिश्चनिटी म्हणजे कृष्णनीती आणि व्हॅटिकन म्हणजे वाटिका ठरवून टाकलं होतं. तिकडं तमिळनाडूत देवनेय पावाणरांनी जगाच्या साऱ्या भाषांची आई तमिळ असल्याचं मांडलं. दोघांची दिशा उलटी, रीत एकच: कानाला जुळलं की रक्ताचं नातं. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाल्यापासून तर मोबाइलवर रोज सकाळी अशी एखादी व्युत्पत्ती येऊन पडते. ती पाठवणाऱ्यांचं भाषेवरचं प्रेम खरं असतं. मला तक्रार करायची आहे ती त्या रितीबद्दल, आणि ती मराठवाड्यात बसून करणं मला सोपं जातं, कारण ही रीत खोटी पाडणारा पुरावा इथं रस्त्यावर पडलेला आहे.

हा मुलूखच तसा आहे. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके बीदर जिल्ह्यातून निघून इकडं आले. किनवट आदिलाबादमधून आलं. उलट देगलूर तालुक्यातली बिचकुंदा आणि जुक्कल ही मंडळं, मुधोळ तालुक्यातलं भैंसा, हे नांदेडहून तिकडं गेलं. रेघ कागदावर ओढली गेली. सोयरिकी, बाजार आणि बोलणं रेघेच्या दोन्ही बाजूंना सांडलेलं राहिलं. त्याआधी निजामाची राजवट, कचेरीत आणि कोर्टात उर्दू, गल्लीत दखनी. किनवट-माहूरच्या डोंगरांत गोंडी आणि कोलामी. तांड्यांवर बंजाऱ्यांची गोरमाटी. मराठी आणि पंजाबी एका कुळातल्या, कानडी, तेलुगू, गोंडी, कोलामी दुसऱ्या, द्रविड कुळातल्या. इतक्या भाषा इतक्या कमी जागेत नांदत असल्यावर एकाच्या शब्दाला दुसऱ्याच्या शब्दाचा आवाज येणारच.

आता लातूरकडंच पाहू. राष्ट्रकूट राजे स्वतःला लट्टलूर नगरीचे स्वामी म्हणवत. अमोघवर्षाच्या काळच्या कोरीव लेखांत हे बिरुद आहे, आणि हे लट्टलूर म्हणजे आजचं लातूर असं इतिहासकार मानतात. शेवटचा 'ऊर' कानडी-तेलुगूतला 'ऊरु', म्हणजे गाव. मराठीत ऊर म्हणजे छाती. तो संस्कृत 'उरस्'वरून आला, आनंदानं भरून येतो आणि दुःखात बडवला जातो. या दोन उरांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, आणि लातूरकराला कधी त्यांचा घोळही पडलेला नाही.

पण थोडं वाचन झालेल्या माणसाला पडतो. इराकमध्ये उर नावाचं प्राचीन शहर होतं, हे त्याला कळतं. सुमेरी भाषेत 'उरु' म्हणजे नगर, हेही कळतं. झालं! लातूर, देगलूर आणि मेसोपोटेमियाचं उर एका माळेत ओवले जातात. खरं तर त्या शहराचं सुमेरी नाव होतं 'उरिम'. 'उर' हे नंतर रूढ झालेलं रूप. ते बाजूला ठेवलं तरी 'उरु' म्हणजे नगर, हे साम्य उरतंच. ते नाकारण्याचं कारण नाही. प्रश्न इतकाच, की एका साम्यावर किती वजन टाकायचं? जर्मनमध्ये 'उर' हा उपसर्ग आद्य, मूळचा या अर्थी लागतो. स्वीडिश भाषेत 'उर' म्हणजे घड्याळ. हे दोन मात्र माळेत कुणी ओवत नाही, कारण अर्थ जुळत नाही. जुळलेलं तेवढं उचलायचं आणि न जुळलेलं गाळायचं, अशा पद्धतीनं काहीही सिद्ध करता येतं. ज्योतिषाच्या खऱ्या ठरलेल्या भाकितांची यादी लांबलचक असते, ती याच कारणानं.

दूरचं सोडा, शेजारच्या गावांतही 'ऊर' फसवतो. चाकूर, शिरूर, देगलूर ऐकून सगळीकडं द्रविड 'ऊरु' बसवावासा वाटतो. पण प्राकृतात दोन स्वरांमधला 'प' झिजून जाण्याची खोड आहे, त्यामुळं संस्कृत 'पुर'चंही 'ऊर' होऊ शकतं. माहूरचं जुनं नाव परंपरा मातापूर सांगते. निजामाबादचं पूर्वीचं नाव इंदूर, आणि ते इंद्रपुरीवरून आल्याचं सांगतात. म्हणजे एकाच पट्ट्यातल्या दोन गावांच्या नावांचा शेवट एक, आणि तिथवर आलेल्या वाटा दोन. कुठलं गाव कुठल्या वाटेनं आलं, हे त्या त्या गावाचा जुना लेख, ताम्रपट, दप्तर पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. उलट बाजूनंही खेळ चालतो. लातूरला माहात्म्यात रत्नापूर म्हटलं जातं. गावाला संस्कृत नाव असलं म्हणजे त्याची प्रतिष्ठा वाढते, अशी आपली जुनी समजूत आहे. लट्टलूरमध्ये काय कमीपणा होता, हे मला कधी कळलं नाही.

कंधारचंही तेच. नांदेड जिल्ह्यातलं कंधार राष्ट्रकूटांचं नगर, तिथला किल्ला आणि जगत्तुंग समुद्र हा तलाव अजून पाहायला मिळतो. अफगाणिस्तानातलं कंदाहार वेगळं. पण शाळेच्या सहलीत कुणीतरी गांधारी, शकुनी आणि हा किल्ला यांची सांगड घालून मोकळं होतंच.

असे योग इतके का जुळतात, याचं उत्तर साध्या हिशेबात आहे. एखाद्या भाषेत वीस व्यंजनं आणि पाच स्वर धरले, तर 'का', 'बा', 'पो' अशी एकाक्षरी रूपं होतात शंभर. दोन अक्षरांची दहा हजार. जगात भाषा आहेत सात हजारांच्या आसपास, प्रत्येकीला हजारो गोष्टींना नावं द्यायचीत, आणि रोजच्या वापरातले शब्द तर आखूडच असतात. मग उच्चारांची टक्कर होणं अटळ आहे. त्यातल्या काही टकरींत अर्थही जुळून जाणार. ऑस्ट्रेलियातल्या म्बाबारम या आदिवासी भाषेत कुत्र्याला 'डॉग' म्हणतात, आणि तो शब्द इंग्रजीतून घेतलेला नाही, आर. एम. डब्ल्यू. डिक्सन या भाषाशास्त्रज्ञानं त्याचा इतिहास नीट उलगडून दाखवलाय. आपल्या घरातलं उदाहरण हवं तर फारसी 'बद' पाहा. बदनाम, बदमाश यातला 'बद' आणि इंग्रजी 'बॅड', अर्थ तोच, आवाज जवळजवळ तोच, आणि दोघांची मुळं वेगळी.

मग खरं नातं ओळखायचं कसं? इथं मला उदगीर आणि देगलूर शेजारी ठेवावंसं वाटतं. उदगीरच्या कानडीत दूध म्हणजे 'हालु', देगलूरच्या तेलुगूत 'पालु'. वाघ तिकडं 'हुलि', इकडं 'पुलि'. नाव 'हेसरु' आणि 'पेरु'. जा म्हणायचं तर 'होगु' आणि 'पो'. कानडीत जिथं 'ह' तिथं तेलुगूत 'प', एकदा नव्हे, शब्दामागून शब्दात. जुन्या कानडी शिलालेखांत हेच शब्द 'प'नं सुरू होतात. 'प'चा 'ह' कानडीत नंतर झाला. नातं सिद्ध होतं ते या शिस्तीनं. नुसत्या आवाजावर गेलो असतो तर तेलुगू 'पालु' आपण भिंतीवरच्या मराठी पालीजवळ नेऊन ठेवला असता. देगलूरच्या बाजारात दुधाचा कॅन घेऊन बसलेली म्हातारी 'पालु, पालु' म्हणते तेव्हा नव्यानं बदलून आलेल्या मराठी गुरुजींचं पोर दचकून वर पाहतं, हे सोडलं तर दोन्हींचा काही संबंध नाही.

याहून नमुनेदार गोष्ट आर्मेनियन भाषेची. तिथं दोनला म्हणतात 'एर्कु'. कानडीत दोन म्हणजे 'एरडु'. कानानं निवाडा करायचा तर आर्मेनियन लोक उदगीरचे निघाले असते. पण आंत्वान मेये या फ्रेंच अभ्यासकानं दाखवलं, की मूळ इंडो-युरोपीय 'द्व'चं आर्मेनियनमध्ये 'एर्क' होतं. म्हणजे 'एर्कु'चे सख्खे भाऊबंद संस्कृत 'द्वि', फारसी 'दो' आणि आपला 'दोन'. शेजारी वाटणारा 'एरडु' परका, आणि ज्याचं एक अक्षरही जुळत नाही तो 'दोन' घरचा! हे एकदा नीट कळलं की सकाळच्या व्युत्पत्त्या वाचताना माणूस जरा सावध होतो.

उसनवारीचं प्रकरण निराळं. तूप हा शब्द कानडी 'तुप्प'वरून आला, हे बहुतेक अभ्यासकांना मान्य आहे. अण्णा, अक्का, अप्पा हेही तिकडचे. उलट मराठीनं दखनीला 'नको' दिला. हैदराबादी माणूस 'नक्को' म्हणतो आणि सारा देश त्याला त्यावरून ओळखतो. दखनीत जोर द्यायला लागणारा 'च' हाही आपलाच, 'ऐसाच', 'येच'. यात कुणाचं नाक कापलं जात नाही. शेजाऱ्याकडून विळा आणला म्हणून शेत शेजाऱ्याचं होत नाही. तरीही व्याख्यानात 'तूप कानडी आहे' म्हटलं की पहिल्या रांगेतून कुणीतरी हमखास अस्वस्थ होतं, आणि सीमाभागाचा विषय निघतो.

सगळ्यात घसरडी जागा म्हणजे नात्याचे शब्द. मराठवाड्यात बा म्हणजे बाप, आणि 'नाही बा' म्हणताना तोच शब्द नुसती लकब होतो. कानडीत 'बा' म्हणजे ये. गुजरातीत बा म्हणजे आई. कस्तुरबांना सारा देश बा म्हणत होता. फारसीत 'बा' म्हणजे सह, निजामी कचेऱ्यांनी आपल्याला दिलेल्या 'बाकायदा' आणि 'बाइज्जत'मधला. व्हिएतनामीत 'बा' म्हणजे तीन. ताई मराठीत थोरली बहीण, कानडीत 'तायि' म्हणजे आई, पंजाबीत ताई म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाची बायको, आपली थोरली चुलती. नाना मराठीत घरातला वडीलधारा, उर्दूत आईचे वडील, तेलुगूत 'नान्ना' म्हणजे खुद्द बाप. काका आपल्याकडं चुलता. पंजाबी म्हातारा मात्र शेंबड्या पोराला 'काका' म्हणून हाक मारतो. आणि मराठी काकी देगलूरच्या तेलुगू वस्तीत शिरली की 'काकि' होते, म्हणजे कावळा.

अशा शब्दांची एवढी गर्दी का, हे रोमन याकोबसन या भाषाशास्त्रज्ञानं १९६० च्या सुमारास एका निबंधात मांडलं. तान्ह्या मुलाला ओठ मिटून उघडले की 'मा', 'बा', 'पा' येतात. जीभ दाताला टेकली की 'ता', 'ना', 'दा'. मूल कुणाला हाक मारत नसतं. ऐकणारे मोठे लोक ती हाक आपल्यालाच आहे असं धरून चालतात, आणि ज्या घरात जो आधी धावतो त्याचं ते नाव होतं. म्हणून 'मामा' कुठं आई, आपल्याकडं आईचा भाऊ, आणि जॉर्जियन भाषेत चक्क बाप. त्यांच्यात आईला 'देदा' म्हणतात. असे शब्द प्रत्येक पाळण्यात नव्यानं जन्मतात. त्यांच्यावरून भाषांची वंशावळ काढणं म्हणजे दुधाच्या दातांवरून आडनाव ठरवणं. तपासात पहिल्यांदा बाजूला ठेवायचे शब्द जर कुठले असतील, तर ते हे. लोकप्रिय व्युत्पत्ती नेमकी यांच्यापासूनच सुरू होते.

आता 'कुडी'कडं. तिथंही गाठ एका झटक्यात सुटत नाही. तेलुगूत 'कुडुचु' म्हणजे खाणंपिणं. ज्या हातानं जेवायचं तो 'कुडि' हात, म्हणून कुडि म्हणजे उजवा, असं जाणकार सांगतात. म्हणजे कानडीतलं 'पी' आणि तेलुगूतलं 'उजवा' या वरवर लांबच्या वाटणाऱ्या दोन अर्थांत खरं नातं निघतं. मराठी कुडी संस्कृत 'कुटी'शी, म्हणजे झोपडीशी, जोडतात. देह हे जिवाचं खोपट. आणि 'कुटी' संस्कृतात द्रविड भाषांतून आली असावी, असं भाषाशास्त्रज्ञ टी. बरो यांचं मत होतं. पण ते द्रविड 'कुडि' म्हणजे घर, पिण्याच्या 'कुडि'हून वेगळं. बरो आणि एमेनो यांच्या द्रविड व्युत्पत्तिकोशात दोघांच्या नोंदी वेगळ्या आहेत. चार अर्थ, त्यातले दोन सख्खे, तिसऱ्यामागं उसनवारीची शक्यता, आणि पंजाबी मुलगी या तिघांपासून लांब उभी. 'सगळं एकच' म्हणणाऱ्याला हे गुंतागुंतीचं वाटेल. पण 'सगळा योगायोगच' म्हणून हात झटकणाराही इथं चुकतो, हे मला मुद्दाम नोंदवायचं आहे.

शब्दाचा आणि अर्थाचा संबंध नित्य आहे, तो कुणी ठरवलेला नाही, असं मीमांसक म्हणत. नैयायिक म्हणत, तो संकेत आहे, माणसांनी मानलेला. युरोपात भाषाशास्त्रज्ञ सोस्यूरचं नाव घेऊन हेच १९१६ पासून शिकवलं जातं. उदगीरचा बाजार नैयायिकांच्या बाजूनं साक्ष देतो. आणि घोळ का पडत नाही, याचं उत्तर भर्तृहरीनं वाक्यपदीयात देऊन ठेवलंय: नुसत्या शब्दरूपावरून अर्थ ठरत नाही, वाक्य, प्रसंग, औचित्य, देश आणि काळ तो ठरवतात. औषधाच्या दुकानात कानडी आजीला बाटली देऊन पोरगा 'दिनक्क एरडु सल कुडि' म्हणतो, म्हणजे दिवसातून दोनदा पी. लगेच मागच्या गिऱ्हाइकाला 'कुडीला जपा मामा' म्हणतो. दोघंही आपापलं औषध घेऊन जातात. ज्यांच्या तोंडात हे शब्द रोज असतात त्यांना व्युत्पत्तीची निकड नसते.

निकड नसली तरी इजा होऊ शकते, आणि ती होते तेव्हा कमजोर भाषेलाच होते. किनवटकडच्या गोंडीत एक, दोन, तीन म्हणजे 'उंदी, रंड, मुंड'. मराठी वर्गात एखाद्या गोंड मुलीनं हे मोठ्यानं म्हटलं तर काय होईल, ते सांगायला नको. पहिल्या शब्दाला उंदीर, तिसऱ्याला टक्कल, आणि मधल्याला तर शिवी. खरं म्हणजे 'रंड' हा तेलुगू 'रेंडु'चा आणि कानडी 'एरडु'चा भाऊ, 'मुंड' हा 'मूडु' आणि 'मूरु'चा. दक्षिणेतल्या कोट्यवधी लोकांच्या अंकांशी त्या मुलीचं नातं आहे, पण वर्गाला ऐकू येते ती फक्त शिवी. दुसऱ्याच्या आवाजात आपला अर्थ ओतायची सवय तीच, जिनं व्हॅटिकनची वाटिका केली. एके ठिकाणी तिच्यामुळं करमणूक होते, दुसरीकडं मूल पुन्हा तोंड उघडत नाही. शेजारच्या कोलामीवर तर एमेनोनं १९५५ साली अख्खा ग्रंथ लिहिला, आणि आपल्या तालुक्यात ती भाषा 'जंगलातली बोली' म्हणून मोजतात.

म्हणून देगलूर, उदगीर, किनवट, धर्माबादच्या शिक्षकांना आणि नांदेडच्या विद्यापीठात भाषा शिकणाऱ्या पोरांना एक विनंती आहे. आपल्या वर्गातल्या प्रत्येक घरभाषेची एक वही करा. शब्द लिहा, तो ज्या वाक्यात ऐकला ते पूर्ण वाक्य लिहा, गाव लिहा, बोलणाऱ्याचं वय लिहा, आणि त्याच आवाजाचा शेजारच्या भाषेतला शब्द दिसला तर तोही अर्थासकट त्याच पानावर टिपा. गोंडी आणि कोलामीची पानं आधी भरा. उत्पत्तीचा रकाना आखून ठेवा, पण तूर्त कोरा राहू द्या.